निशिगंधाची कळी : कंदापासून काढणीपर्यंत

पुण्याची गुलटेकडी किंवा मुंबईतील दादर येथील फुलबाजारात पहाटे येणाऱ्या निशिगंधाच्या ढिगाकडे बारकाईने पाहिल्यास त्यात पूर्ण उमललेले फूल क्वचितच आढळते. ढीग असतो तो टपोऱ्या, पांढऱ्या कळ्यांचा. हार गुंफला जाईपर्यंत, देवापुढे किंवा मांडवात तो पोहोचेपर्यंत कळी मिटलेली राहावी आणि नेमकी त्यानंतर उमलावी, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. म्हणजेच या फुलाचे मोल ते उमलण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. कळी एक दिवस अगोदर खुडली तर ती कोवळी राहून तशीच सुकते. एक दिवस उशीर झाला तर ती शेतातच उमलते आणि बाजारात पोहोचेपर्यंत तिच्या पाकळ्या तपकिरी पडू लागतात. काही गुंठ्यांवर फुलशेती करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा एक दिवसाचा फरक म्हणजे त्या दिवसाच्या उत्पन्नातील फरक होय.

कळीचे हे वय ओळखावयाचे तर तिची वाढ कोणत्या टप्प्यांनी होते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. निशिगंध हे या दृष्टीने अभ्यासास अतिशय सोयीचे झाड आहे. त्याच्या एकाच दांड्यावर तळाशी उमललेले फूल, मध्यभागी भरलेली कळी आणि शेंड्याशी हिरवा कोंब अशा सर्व अवस्था एकाच वेळी पाहावयास मिळतात.

नाव आणि मूळ

निशिगंधाला आपल्याकडे रजनीगंधा व गुलछडी अशीही नावे आहेत. बाजारभावाच्या पत्रकात ‘गुलछडी’ म्हणजे वजनावर विकली जाणारी सुटी फुले आणि ‘गुलछडी काडी’ म्हणजे दांड्यासह विकले जाणारे फूल, असा भेद केला जातो. या वनस्पतीचे मूळ स्थान मेक्सिको. युरोपियनांचा त्या भूमीशी संबंध येण्यापूर्वीच तेथील लोक तिची लागवड करीत असत. तेथून ती युरोपात आणि युरोपियनांमार्फत भारतात आली. इंग्रजीतील ‘ट्यूबरोज’ या नावाने पुष्कळांचा असा समज होतो की, ही गुलाबाची एखादी जात असावी. वस्तुतः गुलाबाशी तिचा काहीही संबंध नाही. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये तिला ‘पोलिअँथिस ट्यूबरोझा’ असे नाव दिले. त्यातील ‘ट्यूबरोझा’ म्हणजे कंदयुक्त, आणि इंग्रजी नाव याच शब्दावरून आले आहे. घायपाताच्या कुळाशी असलेले तिचे निकटचे नाते लक्षात घेऊन २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचा समावेश ‘अगेव्ह’ या प्रजातीत केला. तेव्हापासून तिचे शास्त्रीय नाव ‘अगेव्ह अमायका’ असे झाले आहे.

पहिला टप्पा : कंदाची पक्वता

फुलाचा आरंभ जमिनीखाली होतो. निशिगंधाचा कंद हा खवल्यांनी आणि पानांच्या तळांनी वेढलेला असून त्याच्या आत अत्यंत आखूड झालेले खोड असते. या खोडाच्या टोकाशी वाढीचा बिंदू असतो. कंद लहान असताना हा बिंदू केवळ पानेच निर्माण करतो. त्यात पुरेसा अन्नसाठा झाल्याखेरीज फुलदांडा निघत नाही. म्हणूनच लागवडीसाठी साधारणतः दीड ते तीन सेंटिमीटर व्यासाचे, निरोगी व भरीव कंद निवडावेत, अशी शिफारस केली जाते. स्वस्त मिळतात म्हणून लावलेले बारीक कंद पहिल्या हंगामात बहुधा पानांचेच पीक देतात.

जमिनीतून काढल्यानंतर कंदाला विश्रांतीची गरज असते. काढणी झाल्यावर सावलीत सुकवून, हवेशीर जागी काही आठवडे ठेवलेले कंद एकसारखे उगवतात. आपल्या राज्यात लागवड मुख्यतः एप्रिल व मे महिन्यांत केली जाते. लागवडीपासून सर्वसाधारणपणे तीन ते चार महिन्यांत फुले येऊ लागतात, हे ध्यानी घेतले तर या वेळेमागील हेतू स्पष्ट होतो. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी या मागणीच्या काळात शेत फुलावर यावे, अशी ती योजना आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. ज्या कंदातून एकदा फुलदांडा निघाला, त्या कंदातून तो पुन्हा निघत नाही. त्याच्या भोवती जी पिल्ले तयार होतात, ती मोठी होऊन पुढील फुले देतात. एकदा लावलेले शेत सुमारे तीन वर्षे फुले देत राहते, ते या पिल्लांच्या बळावर. पुढे मात्र एकाच ठिकाणी कंदांची दाटी होते, दांडे आखूड निघतात आणि कंद काढून नवी लागवड करणे भाग पडते.

दुसरा टप्पा : वाढीच्या बिंदूचे रूपांतर

कंदातून पाने फुटून त्यांची काही वाढ झाल्यावर आत एक महत्त्वाचा बदल घडतो. बाहेरून त्याची कोणतीही खूण दिसत नाही. पाने निर्माण करणारा वाढीचा बिंदू रुंदावतो, घुमटासारखा उंच होतो आणि पानांऐवजी फुलोरा निर्माण करू लागतो. पर्णवाढीकडून पुष्पवाढीकडे झालेले हे वळण परत फिरवता येत नाही. कंदातील अन्नसाठा, उबदार हवा आणि वनस्पतीतील संप्रेरके यांच्या एकत्रित परिणामाने हे घडून येते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा काळ नाजूक असतो. दांडा दिसू लागला नाही म्हणून पिकाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो, आणि नेमक्या याच सुमारास दांड्यावर किती कळ्या येणार हे आत ठरत असते. या काळात पाण्याचा ताण पडला किंवा मुळांशी पाणी साचून राहिले, तर त्याचे परिणाम काही आठवड्यांनी आखूड दांडा व विरळ कळ्या यांच्या रूपाने दिसतात. तेव्हा केलेली धावपळ व्यर्थ ठरते.

तिसरा टप्पा : फुलाच्या अवयवांची मांडणी

फुलोऱ्याच्या अक्षावर क्रमाक्रमाने लहान पानांसारखी सहपत्रे निर्माण होतात आणि प्रत्येक सहपत्राच्या बगलेत बहुधा दोन-दोन कळ्यांचे अंकुर फुटतात. निशिगंधाची फुले दांड्यावर जोडीने का दिसतात, याचे कारण या मांडणीत आहे.

प्रत्येक अंकुरात अवयव बाहेरून आत अशा क्रमाने तयार होतात. प्रथम बाहेरच्या वर्तुळातील तीन दले, मग आतील तीन दले, त्यानंतर सहा पुंकेसर आणि सर्वांत शेवटी मध्यभागी तीन कप्प्यांचे जायांग. जास्वंदीत हिरवी निदले व रंगीत पाकळ्या वेगवेगळ्या ओळखता येतात. निशिगंधात मात्र दोन्ही वर्तुळे सारखीच पांढरी असल्यामुळे त्यांना ‘परिदले’ असे म्हणतात. ती तळाशी जोडली जाऊन किंचित वाकलेली नळी तयार होते आणि पुंकेसर या नळीच्या आतील बाजूस चिकटलेले असतात. अंडाशय परिदलांच्या खाली असतो.

एकाच अंकुरातून एका जागी पाकळी व दुसऱ्या जागी पुंकेसर कसा निर्माण होतो, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. एन्रिको कोएन व एलियट मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये असे मांडले की, जनुकांचे तीन गट फुलाच्या निरनिराळ्या वर्तुळांत निरनिराळ्या जुळण्यांनी कार्य करतात आणि त्या जुळणीवरून अवयवाचे स्वरूप ठरते. त्यांचा अभ्यास अरेबिडॉप्सिस व स्नॅपड्रॅगन या वनस्पतींवर आधारलेला होता. पुढे लिली व ट्युलिप यांसारख्या फुलांतील दोन सारखी वर्तुळेही याच विचाराने समजावून देता आली. पाकळ्या घडविणाऱ्या जनुकांचे कार्य बाहेरच्या वर्तुळापर्यंत पसरले, की निदलांच्या जागीही पाकळीसारखे दल येते. अनेक वनस्पतींत पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येऊन दुहेरी फूल होते, त्याचेही मूळ जनुकांच्या कार्यातील अशाच बदलात असते.

चौथा टप्पा : दांड्याची वाढ

आतील मांडणी पूर्ण होत आली की, फुलोऱ्याचा अक्ष वेगाने लांबू लागतो आणि पानांच्या झुबक्यातून दांडा वर येतो. आरंभी तो टोकदार, हिरवा आणि सहपत्रांनी घट्ट झाकलेला असतो. पुढे तो साधारणतः पाऊण ते एक मीटर उंच होतो व खालच्या कळ्या एकमेकींपासून दूर होऊ लागतात. या टप्प्यात नियमित पाणी आवश्यक असते. वीस ते तीस अंश सेल्सिअस तापमान या पिकाला मानवते. पारा चाळीस अंशांपलीकडे गेल्यास दांड्याची लांबी व फुलांचा दर्जा घसरतो. कळ्या पोखरणाऱ्या अळीचा उपद्रवही याच सुमारास सुरू होतो. कळीवर बारीक छिद्र दिसताच ती कळी खुडून नष्ट करणे हा पहिला उपाय होय. फवारणीविषयी मात्र कृषी सहायकाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊनच निर्णय करावा.

पाचवा टप्पा : कळीचे भरणे

दांड्यावरील कळ्या खालून वर या क्रमाने भरतात. प्रत्येक कळी तीन अवस्थांतून जाते व त्या साध्या डोळ्यांनी ओळखता येतात. पहिल्या अवस्थेत कळी आखूड, टणक व हिरवी असते. दुसऱ्या अवस्थेत ती लांब होऊन तिच्यावर हिरवट पांढरी छटा येते. काही वाणांत टोकाशी फिकट गुलाबी झाक दिसते. तिसऱ्या अवस्थेत ती पांढरी होते, टोकाशी फुगते, नळी किंचित वाकते आणि बोटांनी हळूच दाबल्यास भरीव लागते. तिसऱ्या अवस्थेत असलेली कळी उमलण्याच्या उंबरठ्यावर आहे, असे समजावे. अनुभवी वेचणाऱ्या स्त्रिया रंग आणि फुगीरपणा या दोन खुणांवरून अंधुक प्रकाशातही अशी कळी अचूक निवडतात. त्यांचे हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातील वर्णनाइतकेच शास्त्रशुद्ध आहे.

सहावा टप्पा : उमलणे व सुगंध

उमलण्याची क्रिया ही मुख्यतः पाणी व साखर यांची किमया आहे. भरलेल्या कळीतील कर्बोदकांचे साध्या साखरेत रूपांतर होते, साखरेमुळे परिदलांच्या पेशी पाणी ओढून घेतात आणि फुगतात. परिदलांची आतील बाजू बाहेरील बाजूपेक्षा अधिक वेगाने वाढल्यामुळे ती बाहेर वळतात व फूल उमलते.

निशिगंधाचे फूल सायंकाळनंतर उमलू लागते आणि त्याचा सुगंधही रात्री तीव्र होतो. पांढरा रंग, लांब नळी व रात्रीचा दरवळ ही तिन्ही लक्षणे रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांना आकर्षित करण्यासाठी आहेत. फुल खुडल्यानंतरही काही काळ सुगंध निर्माण होत राहतो, हे या फुलाचे आणखी एक वैशिष्ट्य होय. फ्रान्समधील ग्रास या गावी सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायात या गुणाचा उपयोग करून घेण्यात आला. तेथे चरबीचा थर दिलेल्या काचेवर ताजी फुले पसरून त्यांचा सुगंध चरबीत शोषून घेतला जाई.

काढणीची योग्य वेळ

आतापर्यंतच्या विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग येथे होतो. हारांसाठी सुटी फुले हवी असल्यास तिसऱ्या अवस्थेतील कळ्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी वेचाव्यात. रात्रीच्या गारव्यामुळे त्या वेळी कळीत पाण्याचे प्रमाण भरपूर असते आणि ती सायंकाळपर्यंत टवटवीत राहते. फुलदाणीसाठी दांडा पाठवावयाचा असल्यास तळाच्या एक-दोन जोड्या उमलल्यावर तो कापावा. अत्तरासाठी मात्र सुगंध पूर्णत्वास आलेली फुलेच वापरली जातात.

दांडा याहून लवकर कापला तर काय होते, हे अनेक गृहिणींनी अनुभवले असेल. खालची चार-सहा फुले उमलतात आणि वरच्या कळ्या हिरवट राहून माना टाकतात. त्यात ग्राहकाला फसविण्याचा हेतू असतोच असे नाही. उमलण्यासाठी लागणारी साखर कळीला पानांकडून व कंदाकडून मिळत असते. दांडा कापताच हा पुरवठा तुटतो आणि कोवळ्या कळीजवळ स्वतःचा साठा पुरेसा नसतो. याच कारणासाठी कापलेले दांडे लगेच स्वच्छ पाण्यात ठेवणे आणि पाण्यात थोडी साखर मिसळणे उपयुक्त ठरते. साखरेमुळे पाण्यात जिवाणू वाढून दांड्याचे तोंड बंद होऊ शकते. यास्तव पाणी रोज बदलावे व दांड्याचा तळ थोडा थोडा तिरपा कापावा.

वाणांची निवड

एकेरी वाणांत परिदलांची एकच ओळ असते. त्यांना सुगंध अधिक असल्याने सुटी फुले व अत्तर यांसाठी ते पसंत केले जातात. दुहेरी वाणांत परिदलांच्या अनेक ओळी असून ते मुख्यतः फुलदाणीसाठी वापरतात. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ हे एकेरी आणि ‘सुवासिनी’ व ‘वैभव’ हे दुहेरी वाण विकसित केले आहेत. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे ‘रजतरेखा’ व ‘स्वर्णरेखा’ हे वाण त्यांच्या पानांवरील रेषांमुळे शोभिवंत ठरले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ हा वाणही शेतकऱ्यांना उपलब्ध आहे. कोणताही वाण निवडताना आपला माल सुटी फुले म्हणून विकावयाचा की काडी म्हणून, हे आधी ठरवावे. कारण काढणीची अवस्था, मजुरी आणि वाहतूक या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून राहतात.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे कार्य

विज्ञानाच्या शिक्षकांना निशिगंधाचा एक वाफा ही बिनखर्चाची प्रयोगशाळा ठरू शकते. दांडा बाहेर पडताच त्यावरील तळाच्या, मधल्या व शेंड्याच्या एकेका कळीला रंगीत दोरा बांधावा. विद्यार्थ्यांनी रोज एका ठराविक वेळी कळीची लांबी, रंग आणि फुगीरपणा यांची नोंद वहीत करावी व शेवटी आलेख काढावा. निरनिराळ्या अवस्थांतील कळ्या उभ्या चिरून भिंगाखाली पाहिल्यास पुंकेसर व अंडाशय यांची वाढ प्रत्यक्ष दिसते. एक दांडा साध्या पाण्यात व दुसरा साखरेच्या पाण्यात ठेवून उमललेल्या फुलांची संख्या मोजली, तर ‘वनस्पतीचे पोषण’ हा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही. फुलशेती करणाऱ्या घरांतील मुले आपल्या आईचे पहाटेचे काम विज्ञानाच्या तासाला नव्या दृष्टीने पाहतील, हा लाभही थोडा नव्हे.

ग्रामपंचायतींनाही या बाबतीत बरेच काही करता येण्यासारखे आहे. शेतातून आलेली फुले उन्हात पडून राहिली, तर योग्य अवस्थेत वेचलेल्या कळीचाही उपयोग होत नाही. गाडी येण्याच्या ठिकाणी सावलीचा एक ओटा, तेथे स्वच्छ पाणी आणि फुलांची प्रतवारी करण्यास थोडी जागा, एवढी सोय झाली तरी नासाडी पुष्कळ कमी होईल. अनेक लहान उत्पादकांनी मिळून एकच वाहन ठरविले, तर पहाटे वेचलेला माल वेळेवर बाजारात पोहोचेल आणि प्रत्येकाचा वाहतूक खर्चही वाचेल. लागवडीपूर्वी गावातील शेतकऱ्यांनी एकत्र बसून कंद कोठून घ्यावयाचे व कोणता वाण लावावयाचा हे ठरविणेही हितावह ठरेल. रोगट किंवा बारीक कंदांची खरेदी टळली, तर पहिल्या हंगामातील निराशाही टळेल.

निशिगंधाच्या फुलाचे आयुष्य फार थोडे असते. परंतु त्या फुलामागे कित्येक महिन्यांची तयारी असते, आणि त्यातील अर्ध्याहून अधिक तयारी जमिनीखाली व पानांच्या आड चाललेली असते. कंद निवडणारा शेतकरी, पहाटे कळी खुडणारी मजूर स्त्री आणि वर्गात कळी चिरून दाखविणारा शिक्षक यांनी हे टप्पे नीट ओळखले, तर श्रम करून पिकविलेली कळी शेतात वा रस्त्यात वाया न जाता आपल्या वेळी, आपल्या जागी उमलेल.